पुस्तकाची मुकी पाने आणि पडद्यावरची सव्वीस मिनिटे

पुस्तकावरून चित्रपट निघाला की वाचकांमध्ये एक वाद ठरलेलाच असतो. पुस्तकात होते ते चित्रपटात नाही आणि चित्रपटात आहे ते पुस्तकात नव्हते, अशी दुहेरी तक्रार नोंदवून सुज्ञ वाचक मोकळा होतो. पुस्तक मुलांचे असले म्हणजे या तक्रारीत शिक्षकाच्या काळजीची भर पडते. मुलाने चित्रपट पाहिला. आता तो पुस्तक कशाला हाती धरील? ही काळजी अगदीच अनाठायी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तक्रार आणि काळजी या दोहोंच्या मुळाशी रूपांतराविषयीची एक अपुरी कल्पना असते, असे आम्हांस वाटते. रूपांतर म्हणजे मूळ ग्रंथातील प्रसंगांची दुसऱ्या माध्यमात केलेली वाहतूक, अशी ती कल्पना होय. वाटेत किती माल सांडला एवढेच मग मोजावयाचे राहते.

वास्तविक मराठी माणसाला रूपांतर ही वस्तू परकी नाही. आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले ते १८८३ साली. पुढे देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला आणि तो रंगभूमीवर चांगला रुजला. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली पुस्तकरूपाने आली व आचार्य अत्र्यांनी १९५३ साली ती पडद्यावर आणली, तेव्हाही पुस्तकातले काय घ्यावे व काय सोडावे हा प्रश्न त्यांना सोडवावा लागलाच असेल. मात्र या उदाहरणांत शब्दांची जागा शब्दांनीच घेतली आहे. एखाद्या चित्रमय बालपुस्तकाचा छोटा सचेतनपट, म्हणजे ज्याला आज सर्रास ॲनिमेशन म्हणतात तो चित्रपट, करावयाचा झाला तर प्रश्न याहून निराळा होतो. तेथे स्थिर चित्राला काळाच्या प्रवाहात सोडावे लागते. हा प्रश्न नीट समजून घेण्यासाठी आम्ही एकच उदाहरण विस्ताराने पाहणार आहोत. ते इंग्लंडातील आहे. रेमंड ब्रिग्ज यांचे 'द स्नोमॅन' हे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले आणि त्यावरचा सव्वीस मिनिटांचा चित्रपट २६ डिसेंबर १९८२ रोजी त्या देशाच्या 'चॅनल फोर' या दूरचित्रवाणी-वाहिनीवर प्रथम दाखविण्यात आला. वाहिनी स्वतः जेमतेम दोन महिन्यांची होती. आज त्या चित्रपटाला चाळीस वर्षे उलटून गेली आहेत आणि तेथील नाताळाचा तो एक नित्याचा भाग होऊन बसला आहे.

हेच उदाहरण निवडण्याचे कारण असे की, या पुस्तकात शब्दच नाहीत. शीर्षक सोडले तर सारी कथा चित्रांच्या चौकटींतून सांगितली आहे. त्यामुळे अनुवाद, संवाद, भाषाशैली हे नेहमीचे मुद्दे आपोआप बाजूला पडतात आणि रूपांतराचा गाभा तेवढा उघडा होऊन समोर येतो.

कथा अगदी साधी आहे. रात्री हिमवर्षाव होतो. सकाळी उठलेला एक मुलगा अंगणात बर्फाचा माणूस करतो. त्याला टोपी आणि गळपट्टा घालतो, कोळशाचे डोळे आणि नाकाच्या जागी संत्र्यासारखे छोटे फळ लावतो. मध्यरात्री मुलाला झोप येत नाही. तो दार उघडून पाहतो तो बर्फाचा माणूस जिवंत झालेला! मुलगा यजमानाच्या अगत्याने त्याला घरात बोलावतो, दिवा कसा लागतो, नळाला पाणी कसे येते ते दाखवितो. चुलीची धग मात्र पाहुण्याला सोसत नाही. वडिलांचे कपडे अंगावर चढवून पाहणे, पेल्यात काढून ठेवलेली कवळी न्याहाळणे, अन्न गोठविण्याच्या पेटीत सुखाने आडवे होणे, अशा गमती झाल्यावर पाहुणा यजमान होतो. तो मुलाचा हात धरून त्याला आकाशात नेतो. हिमाच्छादित रानावरून ते ब्रायटन या समुद्रकाठच्या गावापर्यंत उडत जातात, सूर्योदयाच्या सुमारास परततात, आणि मुलगा झोपी जातो. सकाळी तो धावत अंगणात येतो. तेथे टोपी, गळपट्टा आणि बर्फाचा एक लहानसा ढीग एवढेच उरलेले असते. शेवटच्या चित्रात मुलगा पाठमोरा उभा आहे. त्याचा चेहरा चित्रकाराने आपल्याला दाखविलेला नाही.

या शेवटाकडे पाहताना ग्रंथकाराच्या आयुष्यातील एक गोष्ट ध्यानात ठेवणे उपयोगी आहे. १९७१ साली ब्रिग्ज यांचे आई आणि वडील दोघेही निवर्तले आणि १९७३ साली त्यांची पत्नीही गेली. पुढे एका मुलाखतीत त्यांनी सांगितले की, आपण सुखान्त रचीत नाही. जे स्वाभाविक आणि अटळ आहे तेच मांडतो. बर्फाचा माणूस वितळतो, तशीच माणसे, प्राणी आणि फुलेही जातात. हे पुस्तक मुलांसाठी आहे म्हणून त्यांनी मृत्यूला वगळले नाही. मुलाच्या नजरेला पेलेल अशा आकारात तो त्याच्यासमोर ठेवला. ब्रिग्ज स्वतः २०२२ साली वारले.

आता चित्रपट करणाऱ्यांपुढे कोणत्या अडचणी होत्या ते पाहू. दिग्दर्शिका डायॅन जॅक्सन आणि निर्माते जॉन कोट्स यांच्यापुढे पहिली अडचण रंगाची होती. ब्रिग्ज यांनी सारे पुस्तक रंगीत पेन्सिलींनी रंगविले होते. शाईची ठळक बाह्यरेषा त्यात नाही. कागदाचा खरबरीतपणा रंगातून जाणवतो आणि म्हणूनच त्या चित्रांत धुक्याचा मऊपणा उतरला आहे. सचेतनपटाची त्या काळची रूढ पद्धत नेमकी याच्या उलट होती. पारदर्शक सेल्युलॉइडच्या तक्त्यावर शाईने बाह्यरेषा काढावयाची, मागल्या बाजूने सपाट रंग भरावयाचा आणि तो तक्ता पार्श्वभूमीच्या चित्रावर ठेवून छायाचित्र घ्यावयाचे. या रीतीने काम उरकते, पण पेन्सिलीचा स्पर्श नाहीसा होतो. जॅक्सन यांच्या चमूने तो सोपा मार्ग सोडला आणि तक्त्यांवर रंगखडू व रंगीत पेन्सिली यांनीच रंग भरले.

याचे मोल कळण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी डोळ्यांपुढून जातात. एकेक रेखाटन दोन दोन चौकटी टिकविले तरी सेकंदाला बारा रेखाटने लागतात. म्हणजे मिनिटाला सातशेवीस आणि सव्वीस मिनिटांना सुमारे अठरा हजार सातशे. पडद्यावर एकाच वेळी दोन पात्रे निरनिराळ्या तक्त्यांवर असतील तर हा आकडा आणखी चढतो. आणि हे सारे हाताने, खडूने! त्यातून आणखी एक गंमत निर्माण होते. हाताने घासलेला खडू दोन चित्रांत अगदी एकसारखा कधीच उमटत नाही. त्यामुळे पात्र स्तब्ध उभे असले तरी त्याच्या अंगावरचा रंग किंचित थरथरतो. रूढ पद्धतीत हा दोष मानला गेला असता. येथे तोच गुण ठरला. बर्फाचा माणूस उभ्या जागी श्वास घेत आहे असा भास त्या थरथरीमुळे होतो. मूळ कृतीच्या पोताशी इमान राखले म्हणजे माध्यमाची उणीवही कधी कधी साह्याला येते, ती अशी.

दुसरी अडचण आकाराची. पुस्तकात चौकटींचे आकार सतत बदलतात. घरातल्या बारीकसारीक हालचाली चिमुकल्या चौकटींतून एकामागून एक येतात. उड्डाण सुरू झाले की चित्र अवघे पान व्यापते आणि पुढे समोरासमोरची दोन्ही पाने. पान उलटताच वाचकाचा श्वास क्षणभर रोखला जातो. पडद्याचा आकार मात्र बदलत नाही. मग पुस्तकातला तो विस्तार आणावयाचा कोठून? चित्रपटाने तो दोन वाटांनी आणला. एक म्हणजे गतीने: उडणाऱ्या दोघांच्या खालची भूमी वळते, झुकते, मागे सरकते, आणि हा बदलता देखावाही चित्रामागून चित्र काढून साधलेला आहे. दुसरी वाट संगीताची. हॉवर्ड ब्लेक यांनी अखंड वाद्यवृंदरचना केली आणि चित्रपटात संवाद असू नयेत हा आग्रह राखला. आरंभी ग्रंथकार स्वतः शेतातून चालत येऊन चार आठवणीची वाक्ये बोलतात. त्यानंतर पात्रांच्या तोंडी एकही शब्द नाही. फक्त पाय जमिनीवरून सुटतात त्या क्षणी एका मुलाच्या आवाजातले गाणे सुरू होते. ते पीटर ऑटी या सेंट पॉल कॅथीड्रलच्या गायक-मुलाने म्हटले आहे. मूळ श्रेयनामावलीत त्याचे नाव नव्हते; १९८५ साली ॲलेड जोन्स या दुसऱ्या मुलाच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका गाजल्यामुळे चित्रपटातले गाणेही त्याचेच, असा समज पसरला. असो. आमचा मुद्दा असा की, पुस्तकात जेथे चौकट मोडून चित्र मोठे झाले, नेमक्या त्याच जागी चित्रपटात मौन मोडून गाणे आले. प्रसंग तोच राखला, साधन बदलले. याला आम्ही रूपांतर म्हणतो.

तिसरी अडचण लांबीची, आणि खरा वाद येथे आहे. पुस्तक चाळावयास दहा मिनिटेही लागत नाहीत. चित्रपट सव्वीस मिनिटांचा करावयाचा होता. भर घालणे प्राप्तच होते. पुस्तकात मुलगा आणि पाहुणा मोटारीत नुसते बसून पाहतात. चित्रपटात ते मोटारसायकलवरून रानात भरधाव फेरी मारून येतात. पुस्तकातला मुलगा अनाम आहे. चित्रपटात भेटवस्तूला बांधलेल्या चिठ्ठीवर जेम्स हे त्याचे नाव दिसते. सर्वांत मोठी भर मात्र उड्डाणाच्या अखेरीस आहे. ब्रायटनहून परत न फिरता दोघे समुद्र ओलांडून उत्तरेला जातात. तेथे देशोदेशींच्या बर्फाच्या माणसांचा मेळा भरला आहे आणि नाताळबाबा यजमान आहेत. ते मुलाला एक गळपट्टा भेट देतात. मूळ पुस्तकाला नाताळाशी काही कर्तव्य नव्हते. ब्रिग्ज यांनाही ही भर प्रथम बाळबोध वाटली होती. पुढे ती चित्रपटात उत्तम वठली हे त्यांनी मान्य केले.

ही भर योग्य की अयोग्य? नाताळचा बाजार साधण्यासाठी ती घातली, असे म्हणणे सोपे आहे. प्रथमदर्शनी आमचाही कल तिकडेच होतो. पण चित्रपटाचा शेवट पाहिला म्हणजे तिचे प्रयोजन कळते. सकाळी मुलगा अंगणात येतो, वितळलेला ढीग पाहतो, खिशात हात घालतो आणि त्याच्या हाताला तो गळपट्टा लागतो. तो गुडघे टेकून बसतो. चित्रपट संपतो.

पुस्तक वाचून उठलेल्या मुलाला एक पळवाट मोकळी असते. ते सारे स्वप्न होते, असे तो स्वतःला सांगू शकतो. स्वप्नातला मित्र गेला तर दुःख होते, पण ते हलके असते. गळपट्ट्याने ही पळवाट बुजविली. मैत्री घडली होती, रात्र खरी होती, म्हणून जाणेही खरे आहे. वरवर पाहता भेटवस्तूने शेवट गोड केल्यासारखा वाटतो. परिणाम मात्र नेमका उलट झाला आहे. ज्याने भर घातली त्याने मूळचा अटळ शेवट हलविला नाही, उलट तो अधिक खोल रुतविला. प्रसंगांच्या हिशेबात ही मोठी फारकत ठरेल. पण जो प्रश्न ग्रंथकाराने मुलापुढे ठेवला होता त्याच्याशी चित्रपट एकनिष्ठ राहिला. आमच्या मते रूपांतराची कसोटी हीच असावी. मूळ कृती वाचकाकडून जे मागते, तेच रूपांतर प्रेक्षकाकडून मागते काय? 'द स्नोमॅन' मुलाकडून दोन गोष्टी मागतो. शब्दांच्या साह्यावाचून पाहणे ही एक, आणि आवडते ते जाते हे सोसणे ही दुसरी. चित्रपटाने दोन्ही मागण्या कायम ठेवल्या. बर्फाच्या माणसाला बोलता केला असता किंवा पुढल्या सकाळी पुन्हा उभा केला असता, तर पुस्तकातला प्रत्येक प्रसंग जसाच्या तसा ठेवूनही रूपांतर खोटे ठरले असते.

हीच कसोटी वगळण्यालाही लावता येते. ए. ए. मिल्न यांच्या १९२६ सालच्या 'विनी-द-पू'वरून रशियन दिग्दर्शक फ्योदर खित्रुक यांनी १९६९ साली सुमारे दहा मिनिटांचा चित्रपट केला. त्यात त्यांनी ख्रिस्तोफर रॉबिन हा मुलगाच काढून टाकला. ज्या मुलाला ह्या गोष्टी सांगितल्या गेल्या तोच नाही! परंतु चित्रपटातले रान एखाद्या लहान मुलाने रंगवावे तशा थाटात रंगविले आहे. मूल पडद्यावरून गेले आणि चित्र काढणाऱ्या हातात येऊन बसले. याउलट १९६६ साली डिस्ने संस्थेने याच पुस्तकावर चित्रपट केला, त्यात मुलगा ठेवला, पुस्तकाची पानेही पडद्यावर उलटताना दाखविली, आणि पुस्तकात नसलेला एक नवा प्राणी घुसविला. तो प्राणी आपण पुस्तकात नाही हे स्वतःच सांगून हशा मिळवितो. हशा मिळतो हे खरे; पण ती भर पुस्तकाच्या कोणत्या गरजेतून आली, याचे उत्तर सापडत नाही.

आता या विवेचनाचा आपल्या वर्गाशी काय संबंध ते सांगितले पाहिजे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांतून आपण शिकवितो तेव्हा एक अडचण रोजची असते. बेळगावकडच्या वर्गात कोणाच्या घरी कन्नड असते, गोव्यात कोकणी, इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी, वडोदऱ्यात गुजराती. पाठ्यपुस्तकातील मराठी काहींना घरची असते, तर काहींना ती शाळेत आल्यावरच भेटते. पहिल्या ओळीपासूनच ही मुले मागे पडतात. शब्दहीन पुस्तकापुढे मात्र सारी मुले एका पंक्तीला बसतात. चित्र सर्वांना सारखेच कळते. मग ते मराठीत सांगण्याची ओढ आपसूक लागते. अशा पुस्तकाचे एकेक पान मुलांना आळीपाळीने बोलून दाखवावयास सांगितले असता, धडा वाचताना अडखळणारे मूल चित्रातला असा एखादा बारकावा सांगून जाते की जो हुशार म्हणविणाऱ्याच्या नजरेतून निसटलेला असतो. हा अनुभव आम्ही अनेकदा घेतला आहे.

म्हणून क्रम असा असावा: आधी पुस्तक, मग चित्रपट. पुस्तकात काळ मुलाच्या बोटात असतो. पान उलटावयाचे की थांबावयाचे हे तो ठरवितो. चित्रपटात काळ दिग्दर्शकाच्या हाती जातो. आपल्या गतीने एकदा पाहिलेले मूल दुसऱ्याच्या गतीने पाहताना तुलना करू लागते, आणि तुलना हा रसग्रहणाचा आरंभ होय. चित्रपट प्रथम सलग दाखवावा. मध्ये थांबवून विवेचन करू नये. नंतर उड्डाणाचा भाग एकदा आवाज बंद करून आणि एकदा आवाजासह दाखवावा. संगीत काय करते यावर व्याख्यान देण्याची मग गरजच उरत नाही. त्यानंतर तीन प्रश्न पुरेत. नवे काय आले? गेले काय? आणि आलेले का आले असावे?

शेवटच्या प्रसंगाविषयी मात्र एक पथ्य पाळावे. बर्फाचा माणूस परत येईल का, असे एखादे मूल विचारील. पुढल्या हिवाळ्यात येईल, असे सांगून त्याची समजूत घालण्याचा मोह आपल्याला होतो. दुःखाचा पाठ असला की तो चटकन उरकून आनंदाच्या पाठाकडे वळण्याची सवय आपणां शिक्षकांना आहे. पण 'श्यामची आई' वाचताना डोळे पुसत पुसत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना कोणी ते पुस्तक मिटून ठेवावयास सांगितले नव्हते, आणि त्या रडण्याने कोणाचे वाईट झाल्याचेही ऐकिवात नाही. ब्रिग्ज यांनी मुलाला पाठमोरा उभा केला, जॅक्सन यांनी त्याला गुडघ्यांवर बसविले. दोघांनीही त्याच्या तोंडी सांत्वनाचा शब्द घातला नाही. जेथे ग्रंथकार आणि दिग्दर्शिका गप्प राहिले, तेथे शिक्षकानेही थोडा वेळ गप्प राहावे. प्रश्न मुलाचा आहे. उत्तर शोधण्यास त्याला अवधी द्यावा. तेवढा अवधी त्याला मिळाला, तर चित्रपट पाहिलेले मूल पुस्तकाकडे परत फिरेल की नाही, ही काळजी आपल्याला करावी लागणार नाही.